छोट्या गावातले जुने रहिवासी

अमेरिकेतल्या हॉलमार्क वाहिनीचे रहस्य-प्रेमपट ठरलेल्या साच्यातले असतात. छोटंसं गाव, मुख्य रस्त्यावर बेकरी आणि पुस्तकांचं दुकान, एक खून, त्याचा छडा लावणारी हुशार बाई आणि तिच्यावर जीव जडलेला सज्जन पुरुष. 2015 मध्ये सुरू झालेली ‘ऑरोरा टीगार्डन’ ही चित्रपटमालिका त्याचा चांगला नमुना. नायिका ग्रंथपाल आहे आणि गोरी आहे. तिची पत्रकार मैत्रीण सॅली साकारली आहे लेक्सा डॉइगने, जिची आई फिलिपिन्सची. म्हणजे वेगळा चेहरा पडद्यावर आहे, पण मैत्रिणीच्या जागेवर. 2018 मध्ये ‘मॉर्निंग शो मिस्ट्रीज’मध्ये होली रॉबिन्सन पीट ही कृष्णवर्णीय अभिनेत्री स्वतः छडा लावणारी नायिका झाली. हा बदल मोलाचा होता.

यावर एक आक्षेप हमखास येतो: छोट्या गावात असेच लोक राहायचे, मग विविधता उगाच कशाला घुसवायची? हा प्रश्न इतिहासाचा आहे, म्हणून उत्तरही इतिहासातच शोधू.

पहिली गोष्ट, अमेरिकेतली कित्येक गावं आपोआप गोरी राहिली नाहीत, ती तशी ठेवली गेली. सूर्य मावळण्याआधी कृष्णवर्णीयांनी गाव सोडावं, असे फलक काही गावांच्या वेशीवर लागत. अशा गावांना ‘सनडाउन टाउन’ म्हणतात. घर कृष्णवर्णीयांना विकायचं नाही, अशा अटी खरेदीखतात असत. त्या न्यायालयांनी अमलात आणू नयेत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 1948 मध्ये दिला.

दुसरी गोष्ट आपल्याला जवळची. नॉर्थ डकोटातल्या रॉस या चिमुकल्या गावाजवळ 1900 च्या सुमारास आजच्या सीरिया-लेबनॉन भागातून मुसलमान शेतकरी आले. त्यांनी सरकारी जमीन घेतली, नांगरली, आधी घरात नमाज पढली आणि 1929 मध्ये मशीद बांधली. ती जुनी इमारत आता नाही. 2005 मध्ये त्याच ठिकाणी छोटी नवी मशीद उभी राहिली. त्यांचं कब्रस्तान मात्र तिथेच आहे. आयोवातल्या सीडर रॅपिड्सची ‘मदर मॉस्क’ 1934 ची, आणि ती आजही उभी आहे. तिथल्या अरब कुटुंबांतले अनेक जण आधी फेरीवाले होते. शेतकऱ्यांच्या दारोदार माल विकायचे, पुढे किराणा दुकानं टाकली.

आता विचार करा. दारोदार फिरणाऱ्या माणसाला प्रत्येक घरातलं भांडण, कर्ज, रुसवा माहीत असतो. रहस्यपटाला याहून चांगलं पात्र कुठलं हवं? पण अशा दुकानदाराची नात नायिका झालेली या साच्यात मी पाहिलेली नाही.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. घरात पिढ्यान् पिढ्या मराठी बोलणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांनाही ‘तुम्ही मूळचे कुठले?’ असं विचारलं जातं. त्यामुळे गोष्टीतलं गाव कुणाचं दाखवतात, ही बाब मला किरकोळ वाटत नाही. रोज पाहिलेलं गावच पुढे खरं वाटू लागतं.

म्हणून केवळ एखादा सावळा चेहरा गर्दीत उभा करून भागणार नाही. त्या पात्राला गावात दुकान हवं, आजोबांची कबर हवी, प्रेमात पडायचा हक्क हवा. आणि हो, कधी कधी खुनाचा संशयही त्याच्यावर यावा, पण तो इतरांइतकाच.