पॅकेज मॅनेजर आणि भाषा-मॉड्यूले : एका स्वामित्ववादाचा इतिहास

संगणकाच्या इतिहासलेखनात यंत्रे आणि उद्योजक यांना जेवढे स्थान मिळाले, तेवढे संगणकाच्या अंतर्गत व्यवस्थापनातील प्रश्नांना मिळालेले नाही. लिनक्स प्रणालीचा पॅकेज मॅनेजर आणि प्रोग्रॅमिंग भाषांची स्वतंत्रपणे बसविली जाणारी मॉड्यूले यांतील संघर्ष हा असाच एक दुर्लक्षित विषय होय. वरकरणी तो निव्वळ तांत्रिक भासतो. वस्तुतः एखाद्या डिरेक्टरीवर अधिकार कोणाचा, हा त्यातील मूळ प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात पर्ल व पायथन या भाषांच्या आधारे त्याचा मागोवा घेतला आहे.

इयन मर्डॉक यांनी १९९३ मध्ये डेबियन प्रकल्पाची घोषणा केली. उबुंटू, तसेच सी-डॅकची ‘बॉस’ या प्रणाली डेबियनवरच आधारलेल्या आहेत. डेबियनच्या ‘डीपीकेजी’ या साधनाच्या दप्तरी प्रत्येक फाइल कोणत्या पॅकेजच्या मालकीची आहे, याची नोंद असते. एका पॅकेजची फाइल दुसरे पॅकेज बदलू लागल्यास हे साधन सहसा नकार देते. मात्र दप्तराबाहेरून आलेल्याला हा नियम लागू पडत नाही.

असा बाहेरचा मार्ग पर्ल भाषेसाठी १९९५ मध्ये ‘सीपॅन’ या संग्रहाने खुला केला. मॉड्यूलचा लेखक नवी आवृत्ती तेथे ठेवी आणि वापरकर्ता ती थेट आपल्या संगणकावर बसवी. डेबियनची स्थिर आवृत्ती मात्र काही वर्षांच्या अंतराने येते, आणि सुरक्षेच्या दुरुस्त्याही शक्यतो जुन्याच आवृत्तीत बसवून दिल्या जातात. एकाला नावीन्य हवे, तर दुसऱ्याला स्थैर्य. दोन्ही मागण्या रास्त होत्या, म्हणूनच वाद चिघळला.

पर्लने जागांची वाटणी केली : भाषेची मूळ मॉड्यूले, वितरकाची मॉड्यूले आणि स्थानिक प्रशासकाची मॉड्यूले यांना स्वतंत्र डिरेक्टऱ्या मिळाल्या. ‘यूएसआर’मधील ‘लोकल’ हा विभाग स्थानिक प्रशासकासाठी राखण्याचा संकेत १९९४ च्या फाइलरचना-मानकातच होता. तथापि ही वाटणी साठवणुकीपुरतीच राहिली, वापरात ती उतरली नाही. मॉड्यूल शोधताना स्थानिक डिरेक्टरी आधी पाहिली जाते. डेबियनमध्ये पॅकेज बसविताना प्रश्न विचारणारे ‘डेबकॉन्फ’ हे साधन पर्लमध्येच लिहिलेले आहे. त्यामुळे प्रशासकाने स्वतःच्या कामासाठी आणलेले विसंगत मॉड्यूल प्रणालीच्या साधनाच्याही वाट्याला येऊ शकते.

पायथनमध्ये हा प्रश्न अधिक तीव्र झाला. २००० साली आलेल्या ‘डिस्टयुटिल्स’मध्ये मॉड्यूल बसविण्याची सोय होती, काढण्याची नव्हती. नोंदीवाचून ताबा, असाच हा प्रकार म्हणावा लागेल. त्याचे परिणाम दीर्घकाळ टिकले. २०१८ मधील ‘पिप’च्या दहाव्या आवृत्तीने तर अशा पद्धतीने बसविलेली मॉड्यूले काढण्यास सरळ नकार दिला, कारण कोणत्या फाइली त्यांच्या आहेत हे निश्चित सांगता येत नव्हते. रेड हॅट परंपरेतील ‘यम’ हा पॅकेज मॅनेजर पायथनमध्येच लिहिलेला होता. तेथे प्रणालीचा पायथन बिघडला की दुरुस्तीचे साधनही त्याबरोबर निकामी होई.

इयन बिकिंग यांनी २००७ मध्ये ‘व्हर्च्युअलएन्व्ह’ आणि २००८ मध्ये ‘पिप’ तयार केले. पहिल्याने प्रत्येक प्रकल्पाला वेगळे बिऱ्हाड दिले. दुसऱ्याने मॉड्यूले आणणे इतके सुलभ केले की पुष्कळांना वेगळ्या बिऱ्हाडाची गरजच वाटेना. पायथन २.६ पासून डेबियनने आपली मॉड्यूले ‘डिस्ट-पॅकेजेस’ या निराळ्या नावाच्या डिरेक्टरीत हलविली. तरीही प्रशासकाच्या अधिकाराने ‘पिप’ चालविण्याची सवय मोडली नाही.

अखेर २०२१ मध्ये ‘पेप ६६८’ हा प्रस्ताव आला. त्याच्या लेखकांत डेबियनचे मॅथियस क्लोसे आणि ‘पिप’चे डोनाल्ड स्टफ्ट असे दोन्ही पक्षांचे प्रतिनिधी होते, ही बाब विशेष महत्त्वाची आहे. प्रणालीचा पायथन बाह्य व्यवस्थापनाखाली असल्याची खूण करणारी एक फाइल वितरकाने ठेवावी आणि ती दिसताच ‘पिप’ने माघार घ्यावी, असा हा तोडगा होता. जून २०२३ मधील डेबियन १२ मध्ये तो लागू झाला. नकार डावलण्याचा पर्याय ठेवला गेला, पण त्याचे नावच ‘ब्रेक सिस्टिम पॅकेजेस’, म्हणजे प्रणालीची पॅकेजे मोडा, असे आहे!

या तोडग्याची किंमत मात्र वापरकर्त्याने मोजली. पॅकेजमधील सुरक्षादोष डेबियनने दुरुस्त केला, तरी वेगळ्या बिऱ्हाडात ‘पिप’ने बसविलेली त्याच मॉड्यूलची प्रत जशीच्या तशी राहते. ती शोधून अद्ययावत करण्याचे काम आता ज्याने ती बसविली त्याच्याकडे आले आहे.