सिंहाच्या चेहऱ्याचा फॉग

ज्यूल व्हर्नच्या ‘ऐंशी दिवसांत जगप्रदक्षिणा’ या १८७३ च्या कादंबरीत फॉगचा नोकर मलबार हिलवरच्या देवळात बूट घालून शिरतो, म्हणून ती मुंबईकराला जवळची वाटते. तिच्यावरची स्पॅनिश मालिका पाहिली तेव्हा मी चकित झालो. इथला फॉग सिंह होता आणि चितेवरून सोडवलेली भारतीय राजकन्या मार्जारकुळातली! हा उद्योग कुणाचा, हे शोधता शोधता मी ‘बीआरबी इंटरनॅसिओनाल’ या कंपनीपाशी पोहोचलो.

क्लाउदिओ बिएर्न बॉइड यांनी ती १९७२ मध्ये काढली. सुरुवातीचा धंदा परदेशी पात्रांचे हक्क स्पेनमध्ये विकण्याचा. दुसऱ्याच्या पात्रावर दलाली मिळते, मालकी मिळत नाही. हा धडा घेऊनच कंपनी निर्मितीकडे वळली असावी, असे मला वाटते. ‘रुय, छोटा सिद’ (१९८०), द्युमाच्या शिलेदारांना कुत्रे बनवणारी ‘दार्ताकान’ (१९८१) आणि ‘विली फॉग’ (१९८३) या तिन्ही मालिकांची कल्पना स्पेनची, चित्रे मात्र जपानच्या निप्पॉन ॲनिमेशनची. कथाही अशा निवडल्या, की द्युमा आणि व्हर्न युरोपभर ओळखीचे. त्यामुळे मालिका परदेशात विकणे सोपे गेले.

पुढे ‘डेव्हिड द नोम’ (१९८५) आली. तिच्या अखेरीस नायक मरून झाड होतो. मुलांसाठी केवढे धाडस!

चित्रे काढणारा हात एका देशात, हक्क दुसऱ्या देशात. आपल्या ॲनिमेशन स्टुडिओंतही परदेशी मालिकांचे चित्रकाम चालते. तिथे कौशल्य आपले आहेच. करारावर पात्राचा मालक म्हणून नाव कुणाचे, हा खरा प्रश्न आहे.