मोरीपासून सिंकपर्यंत

गेल्या पावसाळ्यात आमच्या स्वयंपाकघरातलं सिंक गळू लागलं. प्लंबरने ओट्याखाली डोकं घालून पाहिलं आणि सांगितलं, ‘आता बदलावंच लागेल.’ दुकानात गेलो, तर दुकानदाराचा पहिलाच प्रश्न, ‘किती खोल हवं?’ मला उत्तर देता येईना. भांडी घासतात त्या मावशी. घरी येऊन त्यांना विचारलं, तर हसून म्हणाल्या, ‘दादा, हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं.’ त्यांच्या या बोलण्यामुळे मी सिंकच्या इतिहासात शिरलो.

आपल्या जुन्या घरांत सिंक नव्हतंच. होती ती मोरी. उकिडवं बसायचं, राख आणि नारळाची शेंडी घेऊन भांडी घासायची. पाणी आडावरून किंवा विहिरीवरून आणलेलं. ज्या घरांत कामाला बाई असे, तिथे ती बहुधा मागच्या दारी बसे. स्वयंपाकघरात तिला प्रवेश नसे. तिने घासून पालथी घातलेली भांडी घरातली गृहिणी पुन्हा पाण्याने विसळूनच आत नेई. महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी पाण्याच्या हक्काचा जो प्रश्न साऱ्या देशापुढे आला, त्याचंच एक घरगुती रूप रोज आपल्या मागच्या दारी होतं.

मग नळ आला. मुंबईला विहार तलावाचं पाणी १८६० मध्ये मिळू लागलं. त्याआधी शहराची भिस्त विहिरींवर आणि गावातल्या तलावांवर होती. नळातलं पाणी दाबाखाली असतं. जुनी तोटी म्हणजे भोक पाडलेला खुंटा. पाव फेरा फिरवला की पाणी सुरू. दाब वाढला की ती गळे. इंग्लंडमधल्या रॉदरहॅमच्या गेस्ट अँड क्राइम्स या कारखान्याने १८४५ मध्ये आट्यांचा नळ आणला. त्यात फिरकी हळूहळू वायसर दाबते आणि पाणी थांबतं. आपण वर्षानुवर्षं ज्याचा वायसर बदलत आलो, तो हाच नळ. गंमत म्हणजे आता सिरॅमिक चकत्यांच्या नळात पाव फेरा पुन्हा परत आला आहे.

सिंकला स्टील मिळालं ते जवळजवळ अपघाताने. शेफील्डच्या हॅरी ब्रेअर्लीने १९१३ मध्ये बंदुकीच्या नळ्यांसाठी टिकाऊ पोलाद शोधताना न गंजणारं पोलाद तयार केलं. पुढे १९२६ मध्ये मार्गारेट श्युटे-लिहोत्स्की या वास्तुरचनाकार बाईंनी फ्रँकफर्टच्या कामगारवस्तीसाठी आगगाडीतल्या स्वयंपाकघरासारखं आटोपशीर स्वयंपाकघर आखलं. ओटा, सिंक, कपाटं, सगळं हाताच्या अंतरावर.

आपल्याकडे गॅस आला, फ्लॅट आले आणि स्वयंपाक उभ्याने होऊ लागला. आधी कडप्प्याचं किंवा मोझेकचं सिंक, नंतर स्टीलचं. त्याबरोबर भांडी घासणारी बाईही ओट्यापाशी आली. आपलं मन मोठं झालं म्हणूनच आली, असं म्हणवत नाही. फ्लॅटला मागचं दारच नव्हतं!

पण ती उभी राहिली ती कुणाच्या मापाने? ओटा ३३ इंच उंच आणि सिंक १० इंच खोल असेल, तर तळाशी काम करणारा हात २३ इंचांवर जातो. मावशी उंच आहेत. इतकी वर्षं त्या वाकूनच घासत होत्या. म्हणून आम्ही ८ इंच खोलीचं, पण कढई आडवी मावेल असं रुंद सिंक घेतलं. पत्रा ३०४ प्रतीचा. चुंबक चिकटत नाही म्हणजे ३०४, असा समज आहे. पण कमी निकेलच्या २०२ प्रतीलाही चुंबक सहसा चिकटत नाही. तेव्हा बिलावर प्रत लिहून घ्यावी.

नळाचंही तसंच. आम्ही वरच्या मजल्यावर राहतो. गच्चीवरची टाकी नळापेक्षा जेमतेम तीन मीटर उंच, म्हणजे दाब अगदी कमी. दिखाऊ मिक्सरमधून धार बारीकच आली असती. भिंतीतला, लांब फिरत्या मानेचा साधा नळ घेतला. खाली पातेलं उभं राहतं.

जुन्या सिंकची लवचीक नळी थेट नहाणी ट्रॅपच्या जाळीत सोडलेली होती. प्लंबरने आता बॉटल ट्रॅप बसवला. त्यात थोडं पाणी कायम साचून राहतं आणि गटाराचा वास अडवतं. ही पाण्याच्या अडसराची युक्ती अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने १७७५ मध्ये शौचकूपासाठी वापरली होती. सिंकच्या कडेला सिलिकॉन भरलं, एक रात्र सुकू दिलं, मग पाणी सोडलं.

दुसऱ्या दिवशी मावशी आल्या, भांडी घासली, हात पुसले. ‘कसं आहे?’ मी विचारलं.

‘बरं आहे,’ त्या म्हणाल्या. ‘पाठ आज बोलली नाही.’

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)