लस आणि संशय

२०१८ च्या नोव्हेंबरात महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम शाळाशाळांतून सुरू झाली. अशा वेळी नाकाडोंगरीच्या शिक्षकालाही एखादा पालक विचारू शकतो, "गुरुजी, या सुईनं पोराचं बोलणं तं नाही ना थांबणार?"

या शंकेचे मूळ लंडनमध्ये आहे. १९९८ साली अँड्र्यू वेकफिल्ड व सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये अवघ्या १२ मुलांवरून गोवर-गालगुंड-रुबेला लसीचा स्वमग्नतेशी संबंध सुचविला. वृत्तपत्रांनी तो उचलून धरला. स्वमग्नता ध्यानात येण्याचे आणि ही लस टोचण्याचे वय जवळपास एकच; आईबापांचा गैरसमज झाला तर नवल नाही. परंतु डेन्मार्कमधील साडेसहा लाखांहून अधिक मुलांच्या २०१९ च्या अभ्यासात लस घेतलेल्या मुलांत स्वमग्नता जास्त आढळली नाही. मूळ लेख २०१० मध्येच रद्द झाला होता. (रद्द झाल्याची बातमी मात्र गावोगाव पोहोचत नाही!)

तरी प्रत्येक संशय खुळा नसतो. मुंबईत १८९७ च्या जानेवारीत हाफकीन यांनी प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल गावी तीच लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. ठपका मुंबईच्या प्रयोगशाळेवर आला. पण हे सारे एकाच बाटलीतले. इतर बाटल्यांतली लस घेतलेले सुखरूप होते! ती बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता. हाफकीन दोषमुक्त झाले, तेव्हा १९०७ साल उजाडले होते. परळच्या संस्थेला त्यांचे नाव मिळाले ते १९२५ मध्ये.