नांगर एका घराचा कधीच नव्हता

ट्रॅक्टरच्या किमतीचा विषय निघाला की आपण लगेच सरकारवर नाहीतर कंपन्यांवर घसरतो. ते चूक आहे असे नाही. पण आयुष्यभर इतिहास शिकवल्यामुळे मला आधी मागे वळून बघायची खोड आहे. शेतीची अवजारे पूर्वी स्वस्त होती का? आणि होती, तर कोणाला?

लाकडी नांगर स्वस्त होता हे खरे. बाभळीचे लाकूड बहुधा स्वतःच्याच बांधावरचे. सुताराने नांगर घडवायचा, लोहाराने फाळ शेवटून द्यायचा, आणि त्याचा मोबदला खळ्यावर धान्याच्या रूपाने. त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (1915) या पुस्तकात या बलुत्याचे बारकाईने वर्णन आहे. त्या व्यवस्थेने बलुतेदाराला जातीने आणि पिढ्यान् पिढ्या बांधून ठेवले होते, तेव्हा तिचे गोडवे गायचे कारण नाही. पण शेतकऱ्याला नांगरासाठी रोकड मोजावी लागत नव्हती, एवढे खरे.

महाग होते ते बैल. काळ्या रानातली हरळी-कुंदा उपटायची तर खोल नांगरट हवी, आणि त्या जड नांगराला सहा-सहा, आठ-आठ बैल लागत. एवढी दावण साध्या कुणब्याच्या घरी कुठून असणार? म्हणून सावड. आज तुझ्या रानात माझे बैल, उद्या माझ्या रानात तुझे. कुठे याला वारंगुळा म्हणत. इर्जिक म्हणजे शेजाऱ्यांनी एक दिवस आपापली औते आणायची आणि ज्याचे काम त्याने सगळ्यांना जेवू घालायचे. म्हणजे जड नांगर एका घराला तेव्हाही परवडत नव्हता. तो चार घरे मिळून चालवत.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात 1903 च्या सुमारास लोखंडी नांगर केला. लोखंडाने जमिनीला विष चढते अशी लोकांची समजूत होती, त्यामुळे सुरुवातीला गिऱ्हाईकच मिळेना. पुढे औंधच्या पंतप्रतिनिधींनी जागा दिली आणि 1910 साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. नांगर चांगलाच होता. पण तो खळ्यावरच्या धान्यावर मिळणारा नव्हता. अवजारासाठी रोख पैसा हवा, ही गोष्ट तेव्हापासून शेतकऱ्याच्या घरात शिरली.

मग ट्रॅक्टर आला. 1959 साली फरीदाबादला आयशरचा देशी ट्रॅक्टर निघाला, 1963 मध्ये महिंद्रा या धंद्यात आली. 1969 साली 14 बँकांचे राष्ट्रीयीकरण झाल्यावर खेड्यांतही कर्जे पोचू लागली. 1972 च्या दुष्काळात कितीतरी घरांच्या दावणी रिकाम्या झाल्या. मला महत्त्वाचे वाटते ते हे, की कर्ज एकाच्या सातबाऱ्यावर मिळते, सावडीला मिळत नाही. नांगर एका घराचा झाला तो इथे. चार घरांचा बोजा एका घराच्या डोक्यावर आला.

आणि रान तर आखडत चालले होते. डॉ. हॅरॉल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागरचा अभ्यास 1917 मध्ये प्रसिद्ध केला. तिथे 1771 साली सरासरी खातेदाराकडे सुमारे 40 एकर जमीन होती, ती 1914-15 पर्यंत 7 एकरांवर आली. (आज त्या गावात इमारती आहेत!) राज्याची सरासरी 1970-71 साली 4.28 हेक्टर होती, 2015-16 च्या कृषिगणनेत ती 1.34 हेक्टर भरली. यंत्र मोठे होत गेले आणि शेत लहान.

आमच्या नात्यातली मुले विचारतात, “काका, चार एकरांवर ट्रॅक्टर घ्यावा का?” चाळीस-पंचेचाळीस अश्वशक्तीचा ट्रॅक्टर सात-आठ लाखांच्या घरात जातो, रोटाव्हेटर आणि ट्रॉली वेगळी. सप्टेंबर 2025 मध्ये ट्रॅक्टरवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्के झाला, थोडा भार हलका झाला. पण चार एकरांचे काम वर्षातून किती दिवसांचे? बाकीचे दिवस तो दारात उभा, आणि हप्ता मात्र उभा राहत नाही.

मग भाड्याने घ्या, असे सांगणे सोपे आहे. पण वाफसा सगळ्या शिवाराला एकदमच येतो. भाड्याचा ट्रॅक्टर आधी वीस एकरवाल्याकडे जातो, दोन एकरवाल्याकडे येईपर्यंत रान वाळून जाते. पेरणी हुकली की वर्ष हुकले. या भीतीपोटीच लहान शेतकरी कर्ज काढतो, हौसेपोटी नव्हे.

सावडीत पाळी ठरलेली असे, आणि आपल्या बैलांवर शेजाऱ्याचेही काम अडलेले असे, म्हणून ती सहसा पाळली जाई. 2014-15 पासून केंद्राच्या योजनेतून गटांना अवजारे बँकेसाठी अनुदान मिळते. कल्पना जुनीच आहे आणि चांगली आहे. पण अनुदानाने यंत्र येते, पाळी येत नाही. ती गावाने बसून ठरवावी लागते, आणि वाफसा यायच्या आत.

तुमच्या भागात सावडीला काय म्हणत, आणि ती केव्हा मोडली? घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा आणि मला जरूर लिहा. ही माणसे आहेत तोवर विचारून घेतलेले बरे.