लावता आला तो साग

रायपूर शहराच्या उत्तरेस लागून असलेले उरला आज पोलादाच्या रोलिंग मिल, भट्ट्या आणि मालवाहू ट्रकांसाठी ओळखले जाते. वनशास्त्राच्या विद्यार्थ्याने मात्र या जागेकडे आणखी एका दृष्टीने पाहावे. महानदीच्या खोऱ्यातील हे मैदान भारतातील दोन मोठ्या वनप्रदेशांच्या मध्ये येते. पश्चिमेस नागपूर-चांद्याकडे सागाची वने, तर पूर्वेस ओडिशाकडे आणि दक्षिणेस बस्तरकडे सालाची. जेम्स फोर्सिथ या इंग्रज अधिकाऱ्याने मध्य भारताच्या डोंगराळ मुलखावर लिहिलेला ग्रंथ 1871 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात या विभागणीची चर्चा आहे. अर्थात ही सीमा रेघेसारखी सरळ नाही. रायपूरच्या पूर्वेकडील बारनवापारा परिसरात दोन्ही वृक्ष आढळतात आणि दक्षिण बस्तरात इंद्रावतीच्या काठी नैसर्गिक सागवनेही आहेत.

गेल्या पावणेदोनशे वर्षांत माणसाने ही सीमा हलवली आणि ती मुख्यतः एकाच दिशेने हलली. साग सालाच्या प्रदेशात नेऊन लावला गेला. साल सागाच्या प्रदेशात फारसा गेला नाही. सागाच्या लाकडाला भाव जास्त, हे त्याचे नेहमी दिले जाणारे उत्तर. ते खरे आहे, पण अपुरे आहे. उरलेले उत्तर या दोन वृक्षांच्या बियांत दडलेले आहे.

आधी मागणीचा इतिहास पाहू. सागाचे लाकूड पाण्यात कुजत नाही, फारसे आकसत नाही आणि त्यातील नैसर्गिक तेलामुळे वाळवी त्यापासून दूर राहते. म्हणूनच रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त आरमारासाठी लागणारे सागवान परवानगीनेच तोडावे, असा दंडक घातलेला दिसतो. पुढे मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने सागाची जहाजे बांधली. त्यांपैकी 1817 मध्ये तयार झालेले ‘त्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तरंगत आहे. या बांधणीसाठी मलबारची सागवने इतकी तोडली गेली की 1840 च्या सुमारास लाकूड कोठून आणायचे, हा प्रश्न उभा राहिला.

मलबारचे कलेक्टर एच. व्ही. कॉनॉली यांनी नीलांबूर येथे साग लावण्याचे ठरवले. सुरुवातीचे प्रयत्न फसले, कारण बी रुजेना. सागाचे फळ म्हणजे लाकडासारखे टणक कवच आणि त्यात एक-दोन बिया. हे कवच मऊ पडल्याखेरीज अंकुर बाहेर येत नाही. चाथू मेनन या स्थानिक अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली 1844 पासून लागवड यशस्वी होऊ लागली. पुढील सुमारे वीस वर्षांत त्यांच्या हाताखाली दहा लाखांहून अधिक झाडे उभी राहिली. त्या काळातील एक भाग ‘कॉनॉली प्लॉट’ म्हणून आजही जपला आहे. जवळपास त्याच काळात, 1856 पासून, ब्रह्मदेशात डिट्रिच ब्रँडिस यांनी तेथील फिरत्या शेतीच्या पद्धतीला सागाची जोड दिली. डोंगरी शेतकऱ्याने पिकाबरोबर साग लावायचा आणि दोन-तीन वर्षांनी शेत सोडून पुढे जायचे, ही ती ‘टौंग्या’ पद्धत.

एकदा बी रुजवता आले, की साग हा रोपवाटिकेसाठी अतिशय सोयीचा वृक्ष ठरला. फळे पोत्यात भरून महिनोन्‌महिने ठेवता येतात. ती आलटून पालटून भिजवली आणि वाळवली की रुजतात. वर्षभराचे रोप उपटून, वरचा शेंडा जवळजवळ पूर्ण छाटून आणि मूळ वीतभर ठेवून ‘जडी’ तयार करतात. अंगठ्याएवढ्या जाडीच्या या जड्यांची मोळी बांधून ती दूरवर नेता येते. पाऊस सुरू झाला की पहारीने भोक पाडायचे आणि जडी रोवायची. गुरे सागाची पाने सहसा खात नाहीत, हाही एक फायदा.

सालाचे सारे याच्या उलट. त्याचे बी ऐन पावसाळ्याच्या तोंडावर पिकून गळते आणि त्याची रुजण्याची शक्ती जेमतेम आठवडाभर टिकते. रोपाचे सोटमूळ दुखावले की रोप जगत नाही. रानात रुजलेले रोपही लगेच वाढत नाही. अनेक वर्षे त्याचा वरचा भाग दर उन्हाळ्यात वाळतो, मूळ मात्र जमिनीखाली पुष्ट होत जाते. पुरेसे बळ आले की मग खोड वर झेपावते. तोडलेल्या बुंध्याला धुमारे फुटतात, पण त्यासाठी बुंधा आणि जमीन जागेवर राहावी लागते. थोडक्यात, साग लावता येतो; सालाची मात्र बहुतांशी वाट पाहावी लागते.

हा फरक शासनाच्या वेळापत्रकाला जुळणारा होता. 1854 मध्ये नागपूरकर भोसल्यांचे राज्य खालसा झाले. छत्तीसगड त्याचाच भाग असल्याने तो इंग्रजांकडे गेला आणि 1861 मध्ये मध्य प्रांत निर्माण झाला. होशंगाबाद भागातील बोरी येथे 1865 च्या सुमारास सागवन राखीव करून ते वणव्यापासून वाचवण्याचे काम कॅप्टन पिअर्सन यांनी केले. 1878 च्या वन कायद्याने राखीव वनांची व्याप्ती वाढली. सालाचे लाकूड रेल्वेच्या स्लीपरसाठी हवे होते, म्हणून सालवनेही राखीव झाली. बस्तर संस्थानात वनांचा मोठा भाग राखीव करण्याचा बेत आखला गेला आणि 1910 च्या भूमकाल उठावामागे हे एक महत्त्वाचे कारण होते.

स्वातंत्र्यानंतरचे निर्णायक वळण 1970 च्या दशकात आले. राष्ट्रीय कृषी आयोगाने कमी उत्पन्नाच्या नैसर्गिक वनांच्या जागी वेगाने वाढणारी, उद्योगाला उपयोगी वने उभारण्याची शिफारस केली. 1974 मध्ये महाराष्ट्राचे आणि 1975 मध्ये मध्य प्रदेशाचे वनविकास महामंडळ स्थापन झाले. देशात लाकडाची टंचाई होती आणि अनेक वने खरोखरच खालावली होती, त्यामुळे या धोरणामागे तर्क होता. पण ‘कमी उत्पन्न’ म्हणजे कोणाचे उत्पन्न, हा प्रश्न विचारला गेला नाही. सालाच्या बियांचे तेल, पानांच्या पत्रावळी आणि राळ यांवर गावे जगत होती. लाकडाच्या हिशेबात यांना रकाना नव्हता.

उत्तर वनांतूनच आले. 1978 मध्ये तेव्हाच्या बिहारमधील सिंहभूम भागात आदिवासींनी सालाच्या जागी लावलेली सागाची रोपे उपटली. बस्तरमध्ये सालवन काढून उष्ण प्रदेशातील पाइन लावण्याच्या, जागतिक बँकेचा आधार असलेल्या योजनेला तीव्र विरोध झाला आणि 1980 च्या दशकाच्या सुरुवातीस ती गुंडाळली गेली.

येथे साग खलनायक ठरत नाही. 2010 च्या सुमारास जगभरात लागवडीचा साग सुमारे 43 लाख हेक्टरांवर होता आणि त्या लाकडामुळे नैसर्गिक वनांवरचा ताण काही प्रमाणात कमी होतो. पण सागाच्याही अटी आहेत. त्याला खोल आणि पाण्याचा निचरा होणारी जमीन लागते. छत्तीसगडचा शेतकरी आपली जमीन भाठा, मटासी, डोरसा आणि कन्हार अशा चार नावांनी ओळखतो. मुरमाड, उथळ भाठ्यावर साग खुरटतो. पाणी धरणाऱ्या काळ्या कन्हारात त्याची मुळे गुदमरतात. शिवाय एकाच जातीच्या दाट लागवडीत पाने खाणाऱ्या अळ्यांचे फावते. 1990 च्या दशकात सागाच्या नावाने भरघोस परताव्याची आश्वासने देऊन लोकांकडून पैसे गोळा करणाऱ्या योजना निघाल्या. अखेर अशा सामूहिक गुंतवणुकीवर 1999 मध्ये सेबीला नियम करावे लागले. 2023 मध्ये छत्तीसगड शासनाने मुख्यमंत्री वृक्ष संपदा योजना सुरू केली. तीत टिश्यू कल्चरने तयार केलेल्या सागाचाही समावेश होता. शेताच्या बांधावर किंवा पडीक जमिनीवर, माती पाहून लावलेला साग शेतकऱ्याला खरोखर उपयोगी पडू शकतो.

प्रश्न उभ्या वनाचा आहे. छत्तीसगडच्या उत्तरेस हसदेव अरण्यात कोळशासाठी सालवन तोडले जात आहे. कायद्यानुसार तोडलेल्या वनाची भरपाई दुसरीकडे झाडे लावून करायची असते आणि तिच्या निधीसाठी 2016 मध्ये स्वतंत्र अधिनियमही झाला. भरपाईचा हा हिशेब झाडांच्या संख्येत आणि हेक्टरांत मांडला जातो. या हिशेबात साग बसतो, कारण तो जडीच्या मोळीतून येतो. साल बसत नाही. खुल्या खाणीत बुंधाही जातो आणि वर्षानुवर्षे मुळे पोसणारी मातीही जाते.

म्हणून पुढच्या वेळी वृक्षारोपणाचा आकडा वाचाल तेव्हा दोन प्रश्न विचारा. तेथे पूर्वी काय उभे होते? आणि जे लावले, ते तेथे योग्य होते म्हणून लावले, की लावायला सोपे होते म्हणून? लावता येणारे झाड पुन्हा लावता येईल. जे लावता येत नाही, ते उभे असेपर्यंतच राखता येते.