तिकीट एकाचे, विमान दुसऱ्याचे

आज आपण विमानसेवेच्या इतिहासातली अशी एक व्यवस्था पाहू, जी प्रवाशाच्या सहसा लक्षातच येत नाही. तिकिटावर मोठ्या कंपनीचे नाव, विमानावर तिचेच रंग. पण वैमानिक नोकरीला असतो दुसऱ्याच एका छोट्या कंपनीत.

सुरुवात अमेरिकेतली, १९६७ सालची. मेरीलँडमधल्या हेगर्सटाउनसारख्या लहान शहराची सेवा ॲलेगेनी एअरलाइन्सला परवडेना. विमान मोठे, प्रवासी मोजके. पण सेवा नुसती बंद केली, तर तिथला प्रवासी पुढच्या लांबच्या प्रवासालाही दुसऱ्या कंपनीकडे जाणार. मग कंपनीने रिचर्ड हेन्सन या स्थानिक विमान व्यावसायिकाशी करार केला. छोटी विमाने हेन्सन यांची, नाव ‘ॲलेगेनी कम्युटर’. पुढे असे आणखी भागीदार जोडले गेले आणि १५ आसनी बीच ९९ सारखी विमाने या मार्गांवर दिसू लागली.

यातला हिशेब काय? समजा, छोट्या विमानातून १० जण आले आणि त्यातले ६ जण पुढे ॲलेगेनीच्या मोठ्या विमानात बसले. म्हणजे तिथल्या ६ खुर्च्या भरल्या. गावातली जीप माणसे भरून एसटी स्टँडवर आणते ना, तसेच हे.

१९७८ मध्ये अमेरिकेने विमानभाड्यांवरचे आणि मार्गांवरचे सरकारी नियंत्रण उठवले. मोठ्या कंपन्यांनी एकेका मोठ्या विमानतळाला केंद्र केले आणि आजूबाजूच्या शहरांतून प्रवासी तिथे आणायचे काम भागीदारांवर सोपवले. पैशाच्या दोन पद्धती रुळल्या. एकीत तिकिटाचे पैसे दोघांत वाटले जात. दुसरीत मोठी कंपनी उड्डाणांचा ठरलेला मोबदला देई. खुर्च्या रिकाम्या राहिल्या तरी तोटा तिचा. अशा वेळी छोट्या कंपनीची कमाई खर्च किती कमी ठेवता येतो यावर ठरते. आणि खर्चात पगार आलेच.

इथेच आपल्याला थांबायला हवे. १२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री नेवार्कहून बफेलोला निघालेले विमान उतरण्याआधी कोसळले आणि जमिनीवरच्या एकासह ५० जण गेले. तिकीट कॉन्टिनेंटलचे होते, विमान चालवत होती कोलगन एअर. चौकशीत मुख्य कारण निघाले ते असे: विमानाचा वेग घटल्याचा इशारा मिळाल्यावर कॅप्टनने चुकीची कृती केली. पण सुनावणीत आणखीही काही लोकांसमोर आले. सह-वैमानिक तरुणी सिएटलजवळ राहायची आणि रात्रभर प्रवास करून नेवार्कला कामावर आली होती. छोट्या कंपन्यांतले तुटपुंजे पगार, अपुरी झोप यांची चर्चा तेव्हा पहिल्यांदा घराघरांत झाली.

मृतांच्या नातेवाइकांनी पाठपुरावा सोडला नाही. २०१० मध्ये कायदा झाला. सह-वैमानिकालाही साधारण १,५०० तासांच्या उड्डाणांचा अनुभव लागेल, असे ठरले. काही प्रशिक्षितांना त्यात सवलत मिळाली. आणि तिकीट विकतानाच, विमान प्रत्यक्षात कोण चालवणार हे सांगणे वेबसाइटवरही बंधनकारक झाले.

म्हणून आपण या व्यवस्थेला सरसकट वाईट म्हणणार नाही. तिच्यामुळे कितीतरी लहान शहरे नकाशावर टिकली. पण मोठ्या कंपनीने आपले नाव उसने दिले, तरी त्या नावावरच्या विश्वासाची जबाबदारी कुणाची, हा प्रश्न १९६७ च्या करारात जन्मला आणि त्याचे उत्तर कायद्यात यायला ४३ वर्षे लागली. पुढच्या वेळी तिकीट काढताना ‘ऑपरेटेड बाय’ ही बारीक ओळ आपण जरूर वाचू. ती तिथे आहे, कारण काही घरांनी त्यासाठी झगडा केला.